गुरुवारी अकरा ते बारा

बेंगळूरच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत चौथ्या कारखान्याच्या वॉचमननंही फाटक लावून घेतलं, तेव्हा शमिकाचा संयम सुटला. फोनवर तिचा भागीदार अद्वैत होता. त्याला तिनं अस्सल नागपुरी सुरात सांगितलं, "आपलं काही खरं नाही रे बाप्पा. आणि या वॉचमनच्या मिशा उपटून हातात द्यायला पाहिजे!" मराठी कळतंय कुणाला इथं, या भरवशावर ती जरा मोठ्यानंच बोलली.

"मिशा राहू द्या," शेजारच्या फाटकात स्कूटर लावणारा तरुण म्हणाला. "पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं."

शमिकाचे कान लाल झाले. "तुम्हाला... मराठी येतं?"

"आमचे लोक बेंगळूरला येऊन चारशे वर्षं झाली. मराठी स्वल्प गंजलीय, पण चालते." तो हसला. "काय विकताय?"

तो अभिराज. गिअर बनवण्याचा छोटासा कारखाना त्याचाच. शमिकानं त्याला काड्यापेटीएवढी डबी दाखवली. ती मशीनला चिकटवायची. मशीनचा आवाज ऐकून एआय बिघाड होण्याआधीच सांगतं. सॉफ्टवेअर अद्वैतचं, गिऱ्हाईक शोधणं तिचं. सहा महिन्यांत एकही मिळालं नव्हतं. डिसेंबरअखेर एक तरी मिळालं नाही, तर जे. पी. नगरची खोली सोडून नागपूरला परत. हे मात्र तिनं त्याला सांगितलं नाही. अभिमान आडवा आला.

"सरी, ठीक आहे, लावून बघू," म्हणत त्यानं कोपऱ्यातलं जुनं लेथ मशीन दाखवलं.

"रोज चालतं ना हे?"

"चालतं की..." तो दुसरीकडे बघत म्हणाला.

मग दर गुरुवारी अकराला ती यायची. लेथ घुमत असायचं, स्टीलच्या दोन पेल्यांत कॉफी वाफाळत असायची. "गेल्या गेल्या विकू नका," त्यानं तिला शिकवलं. "कुठलं मशीन त्रास देतं ते विचारा. मालक तासभर बोलेल." आणि खरंच, फाटकं उघडू लागली, सही मात्र अजून कुणी करत नव्हतं.

"डबीला माणसांचं भांडणही ऐकू येतं?" त्यानं एकदा विचारलं.

"येतं."

"आणि मनातलं?"

"ते सांगावं लागतं."

त्यानं पेला तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "कॉफी... निवतेय तुमची." शमिकाला त्या दिवशी घरी जाईपर्यंत उगाचच हसू येत होतं. तिच्या होऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकांच्या यादीत अभिराजचं नाव सगळ्यात वर होतं. पुढे लिहिलं होतं, नक्की.

दोन महिन्यांनी अद्वैत वैतागून म्हणाला, "तीन आठवडे चूक शोधतोय. अभिराजच्या लेथवरची डबी आठवडाभर मुकी असते. फक्त गुरुवारी अकरा ते बारा ऐकते."

शमिकानं आलेख पाहिला. सपाट, सपाट, आणि गुरुवारी एक टेकाड. दर गुरुवारी, ती तिथं असायची तेवढाच तास. तिला आधी गोड शिरशिरी आली, आणि पाठोपाठ रडू. एकुलतं एक नक्की गिऱ्हाईक, तेही खोटं निघालं.

मंगळवारी ती न सांगता गेली. लेथवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर अभिराजचा जेवणाचा डबा.

"हे रोज चालतं ना?"

अभिराज उभा राहिला. "बाबा गेल्यापासून बंद आहे. बाकीची मशीनं नवी आहेत, त्यांची देखभाल बनवणारेच करतात. मला डबीचा उपयोग नाही. पण तसं सांगितलं असतं... तर तुम्ही पुन्हा आला नसता."

"मी तुमच्या भरवशावर होते. या महिन्यात गिऱ्हाईक मिळालं नाही तर मला नागपूरला परत जायचंय."

त्याचा चेहराच उतरला. "हे मला ठाऊक नव्हतं. चुकलो मी. आत्ता सही करतो."

"दयेचं गिऱ्हाईक नको मला." तिनं डबी काढली, पर्समध्ये टाकली आणि मागं न बघता निघाली.

गुरुवारी सकाळी त्याच गल्लीत पंपाच्या कारखान्याचे विश्वासराव भेटले. त्यांनी असे दहा विक्रेते पाहिले होते. "तुमची डबी खरं सांगते कशावरून?"

शमिकाकडे दाखवायला दुसरं होतं काय? तिनं तोच आलेख पुढे ठेवला आणि नाव न घेता सगळं सांगून टाकलं. मालक खोटं बोलला, डबी नाही.

विश्वासराव ठसका लागेस्तोवर हसले. "मालकाचं मन उघडं पाडलं, मग माझे पंप काय लपवणार! सहा मशीनांना लावा." सही करता करता त्यांनी विचारलं, "त्या मालकाचं काय केलंत?"

"यादीतून नाव खोडलं."

"बरं केलंत. आता तो गिऱ्हाईक नाही."

बाहेर पडली तेव्हा अकरा वाजत होते. अभिराजच्या फाटकाशी तिचे पाय थांबले. आत लेथ घुमत होतं.

डबी नव्हती. शमिका येईल असंही नव्हतं. तरीही.

अभिराज लेथजवळ बसला होता, समोर कॉफीचे दोन पेले. तिला पाहून तो धडपडत उठला.

"कशाला चालू ठेवलंय?"

"सवय..."

"खोटं."

"डबी नसतानाही कळतं?"

"आता मला कळतं. पण मनातलं सांगावं लागतं, अभिराज."

या वेळी तो तिच्याकडेच बघत म्हणाला, "तुम्ही मिशा उपटायला निघालात ना... त्या दिवसापासून मला तुम्ही आवडता. गेलात तर हे मशीन मी परत कधी लावणार नाही."

शमिकानं पेला उचलला. डोळे भरून आले होते, ते वाफेनं असं त्याला वाटलं तर वाटो. "विश्वासरावांनी सही केली. मी कुठं जात नाहीये."

"मग... पुढच्या गुरुवारी?"

"गुरुवारी मला पंपांचं काम आहे. रविवारी बसवनगुडीत कॉफी पाजा. आणि आता हे बंद करा, तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही."

त्यानं हात मागं नेऊन बटण दाबलं.