पिवळ्या भुवईचा पाहुणा

तळ्याकाठच्या लव्हाळ्यांमागून ती बारीक, शेवटाला वर चढणारी शीळ पुन्हा आली. आता शंकाच नव्हती. तिने थांबून मागच्या सगळ्यांना हाताने खाली बसवलं आणि बोट दाखवलं.

"पिवळ्या भुवईचा वटवट्या," ती कुजबुजली. "अंगठ्याएवढा असतो. परतीच्या प्रवासात इथे चार दिवस टेकतो, एवढंच. हळू... हळू या पुढे."

सगळे दबकत पुढे आले. लव्हाळे हलले, दुभंगले, आणि त्यातून एक उंच तरुण बाहेर आला. कोपरापर्यंत निळ्या रंगाने माखलेला, भुवईवरही निळा फराटा, हातात ब्रश, ओठांचा चंबू अजून तसाच.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं. "मी काही केलं का?"

"भुवई निळी आहे हो याची," घोळक्यातल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि अख्खा घोळका हसत सुटला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाईड म्हणून ही तिची पहिलीच सहल. या तळ्यावर आजवर लोकांना पक्षी दाखवले ते तिच्या आईने. पण वय झालं की कानातून बारीक सूर आधी निघून जातात, आणि गेल्या वसंतापासून आईला वटवट्यांचे आवाज ऐकूच येईनात. म्हणून आज लेक पुढे आणि आई मागे. पक्षिमंडळ चालवणाऱ्या हेडसरांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं, "यंदा बघू. नाही जमलं तर पुढच्या वर्षी दुसरा गाईड शोधू." आणि आईने तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, खात्री असल्याशिवाय बोट दाखवायचं नाही.

"चुकले मी," ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा वटवट्या नाही."

"ते दिसतंच आहे," हेडसर म्हणाले. "चला, पलीकडच्या काठावर बदकं तरी बघू."

पण तिचा पाय निघेना. जे ऐकायची हौस होती तेच आपण ऐकलं, हे तिला कळत होतं. तरी काहीतरी राहून राहून खुपत होतं. ती रंगाऱ्याकडे वळली.

"ही शीळ तुम्ही कुठून शिकलात?"

"इथेच." त्याने ब्रशने समोरच्या जुन्या झाडाकडे खूण केली. "होड्या रंगवायला आलोय मी. त्या फांदीवरून कुणीतरी सारखं हेच ऐकवतं. मग मीही उत्तर देतो. छान मैत्री जमलीय आमची."

म्हणजे खरा वटवट्या त्या झाडात होता. "मैत्री नाही ती," ती म्हणाली. "त्याला वाटतंय, दुसरा कुणी त्याची जागा बळकावायला आलाय. दमलेला जीव तो, खायचं सोडून तुमच्याशी भांडतोय."

"अरे देवा." त्याचा चेहरा खरोखरच पडला. "आणि मला वाटत होतं, माझं गाणं आवडलंय."

"आपण इथेच थांबूया," तिने घोळक्याला सांगितलं. "तुम्ही मात्र शीळ घालायची नाही."

"नाही घालत. पण सवय वाईट आहे हो... नकळत निघते." त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून बिस्किटाचा पुडा काढला, आणि एक नाही, दोन नाही, मावतील तितकी बिस्किटं तोंडात कोंबून फुगल्या गालांनी तिच्यासमोर उभा राहिला. तिला हसू आलं, आणि गाईडला असं हसणं शोभत नाही म्हणून तिने दुर्बीण डोळ्यांना लावली.

बराच वेळ पानांची सळसळ तेवढी चालू राहिली. हेडसरांनी दोनदा घसा खाकरला. आणि मग वरून ती शीळ आली — बारीक, चढती.

"पुन्हा तुमचा रंगारीच," हेडसर म्हणाले.

"ऊं हूं," रंगाऱ्याने गाल दाखवले. बिस्किटाचा भुगा हेडसरांच्या बुटांवर पडला.

तिने आईकडे पाहिलं. आईला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण आई अजिबात विचलित न होता हेडसरांना म्हणाली, "ती म्हणत असेल तर आहे. दुर्बीण लावा."

"नक्की?" हेडसरांनी तिला विचारलं.

"नक्की," ती म्हणाली, आणि तिने बोट दाखवलं.

मधल्या फांदीवर, कोवळ्या पानांआड, एक हिरवट कण उडी मारून उजेडात आला. डोळ्यावर पिवळी रेघ... अगदी कुणीतरी बारीक ब्रशने ओढलेली. हेडसर कितीतरी वेळ दुर्बिणीतून डोळा काढेनात. काढला तेव्हा तो ओला होता. पुढच्या सहलीचं त्यांनी आईला विचारलं, तर आई म्हणाली, "मला काय विचारता? गाईडला विचारा."

त्या क्षणी तिची मान जी ताठ झाली, ती घरी पोचेपर्यंत तशीच होती.

निघताना रंगाऱ्याने तिला गाठलं. "मग मी शीळ घालायची कधी?"

"तो गेल्यावर."

"आणि तो गेला, हे मला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"म्हणजे..." तो ब्रशकडे बघत म्हणाला, "तुम्हाला रोज यावं लागेल."

"कामच आहे ते माझं," ती ताठ्यात म्हणाली, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

ती रोज सकाळी येऊ लागली. झाडाखाली उभी राहायची, ऐकायची आणि म्हणायची, "आहे अजून." तो म्हणायचा, "बरं." मग पालथ्या घातलेल्या होडीवर बसून दोघं बिस्किटं खायची आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची. वटवट्यालाही लाजवेल इतकी वटवट. ती निघाली की तो ब्रश उचलायचा आणि गप्प राहून काम करायचा.

"फारच रमला गं यंदा तुझा वटवट्या," एका सकाळी आई चहा गाळताना म्हणाली. "चार दिवसांचा पाहुणा ना तो?"

"झाड आवडलं असेल."

"असेल. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, बाकी सगळं येतं हो."

तळ्यापर्यंत ते वाक्य तिच्याबरोबर चालत आलं. झाडाखाली ती उभी राहिली. झाड गप्प होतं. कालही गप्प होतं, परवाही. न ऐकलेला पक्षी जन्मात कधी सांगितला नव्हता तिने, आणि इथे रोज सकाळी खुशाल... आईची मुलगी होती ती. असं चालणार नव्हतं.

"एक चूक दुरुस्त करायची आहे," ती रंगाऱ्यासमोर जाऊन म्हणाली. "तो गेला. केव्हाच. मी खोटं सांगत होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दिवसभर झाडाखाली मीच असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"शीळ घालायची परवानगी मिळाली असती. तुम्ही यायच्या थांबला असतात." त्याने ओशाळून होडीवर हात ठेवला. "ही होडी केव्हाच झाली होती. तीनदा रंगवली मी. मालक विचारतोय, बुडवायची आहे का रंगात."

ती हसली. मग हसू आवरून, घोळक्यासमोर उभी राहावी तशी सरळ उभी राहिली. जे खरं आहे ते खाली मान घालून सांगायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मी रोज येत होते ती पक्ष्यासाठी नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

त्याच्या हातातला ब्रश निसटून गवतात पडला. "नक्की?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवशी लव्हाळ्यांमधून तू बाहेर आलास, सगळे हसले, आणि मला वाटलं माझा नेम चुकला." तिने हात उचलला आणि सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं. "तेव्हाही चुकला नव्हता."