‘येतो’ म्हणाली ती

हंगामात अकोल्याच्या कापूस बाजारातून रस्ता ओलांडणं म्हणजे दिव्यच. गाड्यांमागं गाड्या, बैलांच्या घुंगरांचा गलका, आणि हवेत भुरभुरणारा कापूस... एकोणीसशे चोपन्नच्या त्या सकाळी सत्यवती मध्येच अडकून पडली होती. तिकडं तिचा शिक्षिका-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला असणार, आणि ही इथं बैलांची तोंडं बघत उभी! तेवढ्यात कुणीतरी तिच्या वेणीवरचा कापसाचा पुंजका अलगद उचलला.

“हे काय करून राहिले तुमी?” ती गर्रकन वळली.

“धागा पाहून राहिलो.” एक उंच, सावळा तरुण तो पुंजका दोन चिमटींत धरून ताणत होता. “मऊ आहे. लांब आहे. अन् सहजी तुटत नाई.”

“मले म्हनता का?”

“मी तं कापसाले म्हनलो,” तो हसला. “तुमच्याबद्दल आजून बोललोच कुठी?”

सत्यवती चिडली, लाजली, आणि दिवसभर वर्गात तिचं लक्ष म्हणून लागलं नाही.

त्याचं नाव चंद्रभान. मुंबईच्या एका कंपनीसाठी तो कापसाची पारख करायचा, पण जीव सगळा सिनेमात. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाचा शेवट बदलून तो सत्यवतीला सांगायचा. ती तेल्हाऱ्याच्या खुशालरावांची लेक, शिक्षणासाठी अकोल्याला मावशीकडे राहिलेली. संध्याकाळी मोर्णा नदीच्या पुलावर दोघं भेटत. त्याच्या केसांत दिवसभराचा कापूस अडकलेला असायचा. ती तो वेचायची आणि फुंकर मारून उडवून द्यायची. एवढंच. पण या एवढ्याशावर तिचा दुसरा दिवस निघायचा.

एका संध्याकाळी मात्र तिनं कापूस वेचायला हात उचलला, तर त्यानं तो हातच धरला.

“कंपनी मले इजिप्तले धाडते. तिथीबी कापूसच हाय... अन् सिनेमेबी लय बनते म्हनते. परवा सकाळची गाडी हाय. मुंबईत लगीन करू, मंग पुढचं पाहू. सत्या... येतं काय माह्यासंगं?”

तिला बोलायचं होतं खूप. पण पुलाच्या टोकाला बापाची गाडी दिसली! खुशालराव कापूस घेऊन बाजाराकडं निघाले होते. हात सोडवून घेत ती घाईनं म्हणाली,

“येतो मी.”

आणि पदर सावरत पळाली.

आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘येतो’च म्हणतात, पुणेकरांनी हवं तर नाक मुरडावं. आणि निरोप घेताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, तेव्हाही ‘येतो’च. सत्यवतीनं होकार दिला होता. चंद्रभाननं निरोप ऐकला. ज्या मुलीनं आपल्याकडं वळूनही पाहिलं नाही, ती राहते त्या गावात आणखी एक दिवस काढणं त्याला जमेना. त्यानं त्याच संध्याकाळची गाडी पकडली.

ठरलेल्या सकाळी सत्यवती पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनावर आली. गाडी आली, गेली. कंपनीचा हमाल बुधाजी गाठोडी उतरवत होता.

“चंद्रभान? थो तं परवाच गेला, बाई!”

फसवलं आपल्याला, एवढंच तिला समजलं. घरी येऊन तिनं पेटी रिकामी केली, आणि रडली ती आंघोळीच्या पाण्याचा आवाज मोठा करून, मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून.

तिकडं चंद्रभाननं कैरोत कापूस सोडला आणि सिनेमा धरला. कुठल्या स्टुडिओचा पगारी न होता, स्वतःच कथा शोधायची, माणसं जमवायची, सगळ्यांची नाही-नाही ऐकून पुन्हा दार ठोठावायचं. पहिला सिनेमा पडला, दुसरा अर्ध्यात अडकला. तिसरा असा चालला की अरबी वर्तमानपत्रांत त्याचं नाव छापून आलं. एवढ्या वर्षांत त्यानं लग्न मात्र केलं नाही.

चौसष्टच्या हिवाळ्यात तोच सिनेमा घेऊन चंद्रभान अमरावतीला आला. एका ओळखीच्या थिएटरवाल्यानं सकाळचा खेळ ठेवला होता. सत्यवती आता अमरावतीतच शिक्षिका होती. तिचे यजमान सहदेवराव ओव्हरसियर, भला माणूस. त्यांनीच तिला सायकलीवरून थिएटरपाशी सोडलं. “तुमच्या अकोल्याचा मानूस हाय म्हनते, पाहून ये,” म्हणाले बिचारे!

सिनेमा अरबी. कुणाला ओ की ठो कळेना. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. पडद्यावरची मुलगी नायकाच्या केसांतला कापूस वेचू लागली आणि सत्यवती खुर्चीत पुढं सरकली. पुढं पुलावर ती मुलगी दोनच शब्द बोलून पळाली. नायक एकटाच गाडीत बसला. आणि शेवटी... ती पेटी घेऊन रिकाम्या फलाटावर उभी होती!

सत्यवती हुंदके देत बाहेर आली. दारात चंद्रभान उभा होता. कानशिलं पांढरी झालेली.

“पेटीचं... कोनं सांगतलं तुमाले?” तिनं विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. “कोनीच नाई. आमच्या नटीनं इचारलं, ‘येते म्हणाली, तर ती का आली नाही?’ मी म्हनलो, आमच्याकडं जातानीबी तसंच म्हनते. तिले पटेना. म्हने, ती आलीच असंल, तूच निघून गेला. तिच्या हट्टापायी तो शेवट केला. मले वाटलं, सिनेमातच असं होते... सत्या, कोनतं ‘येतो’ होतं ते?”

“तुमच्यासंगं येतो म्हनलं होतं मी.”

तो भिंतीला टेकला. “एक डाव हाक तं माराची...”

“बाबाची गाडी आली होती. तुमी एक दिवस थांबाचं होतं, चंद्रभान. एकच दिवस.”

रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. एक पुंजका उडत आला आणि त्याच्या केसांवर बसला. तिचा हात आपसूक वर गेला... आणि तसाच खाली आला. तिचं त्याच्यावर अजून प्रेम होतं, आणि आता त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

फाटकापाशी सायकलची घंटी वाजली. सहदेवराव तिला न्यायला आले होते.

तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला.

“येतो मी,” ती म्हणाली.

या वेळी चंद्रभाननं बरोबर ऐकलं.