खालचा उजवा कोपरा

आधीच सांगते, यात रात्र नाही, अंधार नाही, पडका बंगला नाही. भर सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना हे घडलं. माझ्या सख्ख्या मामीच्या घरात. आणि मी ऐकीव सांगत नाहीये... त्या खोलीत मी स्वतः उभी होते.

गोष्ट एका इलेक्ट्रिक टूथब्रशची आहे.

हसा. मीही हसले होते.

मामा बसचा कंडक्टर. आयुष्यभर बेल मारण्यात गेलं. एक बेल, थांबा. दोन बेल, चला. पण त्याची ख्याती वेगळीच होती. लांबून कुणी पळत येताना दिसलं की हा पठ्ठ्या डबल बेल द्यायचाच नाही. ड्रायव्हर ओरडायचा, आतले लोक वैतागायचे, हा आपला दारात ढिम्म उभा. "माणूस येतंय ना? येऊ द्या की."

मामी अशीच रोज उशिरा धावत येणारी. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिचा पाय पायरीवर पडेपर्यंत बस हलायची नाही. लग्न तिथंच जमलं म्हणा ना. पुढं सगळे चिडवायचे, एका बाईसाठी अख्खी बस ताटकळत ठेवली म्हणून. मामा मिशीतल्या मिशीत हसायचा. मामी लाजायची, अगदी म्हातारपणीसुद्धा.

एवढं ध्यानात असू द्या.

मामाला झटका आला तेव्हा तो रिटायर होऊन बरेच दिवस झाले होते. उजवी बाजू लुळी पडली. वाचा गेली. मूलबाळ नव्हतं. घरात ही दोघंच.

डॉक्टरांनी मामीला बजावलं, "तोंड स्वच्छ ठेवा. तोंडातली घाण छातीत उतरली तर आमच्याही हातात काही राहणार नाही." उजव्या गालात घास अडकून राहायचा आणि त्याला कळायचंही नाही. साध्या ब्रशनं मामीचा हात पोचेना. मग तो ब्रश आला, बॅटरीवर घूंऽऽऽ करत चालणारा.

मामीनं त्या ब्रशचं जे काही केलं, ते लोक तान्ह्या बाळाचं करतात. वापरून झाला की डोकं काढायचं. डोक्याखाली तो पांढरा चिकट राडा साचतो ना, तो नळाखाली धुवायचा. दांड्याची लोखंडी काडी मऊ फडक्यानं पुसायची. दोन्ही वेगवेगळं उभं करून वाळवायचं. डोक्याचे निळे केस फिके पडले की नवं डोकं. आई म्हणायची, "वहिनी, त्या ब्रशची दृष्ट काढा एकदा."

हा ब्रश दर अर्ध्या मिनिटाला उचकी देतो. म्हणजे कोपरा बदला. वरचे दोन, खालचे दोन, असे चार कोपरे. पहिल्याच दिवशी उचकी आली आणि मामाचा डावा हात हलला. पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटं वाजली.

टक टक.

मामीला क्षणभर कळेना. मग ती हसत सुटली. हसता हसता रडली. डबल बेल! चला, पुढच्या कोपऱ्याला चला!

तेव्हापासून तोच खेळ. सकाळ-संध्याकाळ. उचकी... टक टक. उचकी... टक टक. चारही कोपरे झाले की एकच टक. थांबा. आला स्टॉप. "उतरा आता," मामी म्हणायची आणि त्याचं तोंड पुसायची. त्या घरात बोलणं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच.

आता मामीची एक समजूत. बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जला लावायची नाही, नाहीतर बॅटरी लवकर मरते. जुन्या मोबाईलच्या काळात कुणीतरी डोक्यात भरवून दिलेलं. त्या सकाळी ब्रशचा दिवा लाल लुकलुकत होता. तिनं पाहिलं. म्हणाली, एवढी सकाळ निघेल.

नाही निघाली.

तीन कोपरे झाले. खालच्या उजव्या कोपऱ्यात ब्रश नेला आणि... घूं ऽऽ... बंद.

नेमका तोच कोपरा. घास अडकायचा तोच.

"थांबा हं. जरा चार्जला लावून येते," मामी म्हणाली.

मामानं दांडीवर एकदा बोट वाजवलं.

टक.

थांबतो, असंच मामीला वाटलं. ती गेली. चहाचं आधण ठेवलं. परत आली तर मामा गेला होता. डोळे दाराकडे होते.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. त्या ब्रशचा काही संबंध नाही, मनाला लावून घेऊ नका. पण मामीनं लावून घेतलंच. आई तिला आमच्याकडे न्यायला निघाली तर मामी म्हणाली, "वन्सं, मी येईन. पण एवढ्यात नको."

आणि मग ते सुरू झालं.

मामीनं ब्रश धुऊन, पुसून, सुटा करून डब्यात ठेवला होता. डबा कपाटात. एके सकाळी ती तोंड धुवायला गेली तर ब्रश बेसिनवर उभा.

डोकं बसवलेलं.

केस... ओले.

आपणच काढला असेल, ती स्वतःला म्हणाली. दुःखात माणसाला कुठं भान असतं? पुन्हा धुतला, वाळवला, आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग आवाज. मामी स्वयंपाकघरात होती. न्हाणीघराचं दार बंद. आतून...

घूंऽऽऽ.

मामीच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. अर्धं मिनिट गेलं असेल. उचकी आली. आणि मागच्या खोलीतून, रिकाम्या पलंगावरून...

टक टक.

तिला जागचं हलता येईना. पुन्हा उचकी. पुन्हा टक टक. तीन कोपरे. चौथा सुरू होताच ब्रश घरघरला आणि बंद पडला.

मग एकच.

टक.

पुढं काही नाही. नळाचं थेंबथेंब गळणं तेवढं ऐकू येत होतं.

तिनं आईला फोन केला. आम्ही दोघी गेलो. वाटेत आई म्हणाली, "तुझ्या मामीच्या डोळ्याला डोळा नाही. कान वाजत असतील." आई तशी खमकी. कुणाला भिणाऱ्यातली नाही. मामीला म्हणाली, "वहिनी, आज मी आहे ना, बघूच काय वाजतंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. आईच्या हातात बशी होती.

घूंऽऽऽ.

आईनं बशी खाली ठेवली. तडक उठली, दार ढकललं. बेसिनवर ब्रश उभा होता, चालू. आसपास कुणी नाही. आईनं तो उचलला, बटण दाबलं. बंद होईना. डोकं उपटून काढलं. नुसती काडी थरथरत राहिली. आणि मागच्या खोलीत टक टक... टक टक...

शेवटी एकच टक.

 पण बाई हटली नाही. ब्रश टॉवेलात गुंडाळला, पर्समध्ये कोंबला. "ही ब्याद मी घेऊन जाते. बघते कसा वाजतो ते."

आमच्या घरी तो वाजला नाही. हूं की चूं नाही. आई म्हणाली, "बघ, सुटलो."

पण दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आईला दोनदा विचारावं लागलं.

"वन्सं, ब्रश परत आणा."

"का हो? अजून आवाज येतोय?"

"ब्रशचा नाही... नुसती ती एक टक. सकाळपासून. थांबून थांबून. दारात उभं राहून कुणी वाट बघावी ना, तशी. माझ्यानं नाही ऐकवत."

 आम्ही काय करणार होतो? कुणाला सांगणार होतो? डॉक्टरला? पोलिसाला? टूथब्रश वाजतो म्हणून?

आम्ही ब्रश परत नेला.

मामी दारातच उभी होती. दोन दिवसांत वाळून गेली होती. पण चेहऱ्यावर काहीतरी ठरवल्याचं दिसत होतं.

"एक कोपरा राहिलाय यांचा," ती म्हणाली. "मीच ठेवला. तो पुरा केला की जातील."

 

मामीनं ब्रश पूर्ण चार्ज केला. हिरवा दिवा लागेपर्यंत समोर बसून राहिली. नवं डोकं बसवलं. पलंगावरची चादर सारखी केली, उशी झटकली. स्टूल ओढून नेहमीसारखी बसली, टॉवेल मांडीवर घेतला.

"अहो, तोंड उघडा," ती म्हणाली.

मी भिंतीला पाठ लावून उभी होते. ऊन सरळ उशीवर पडलं होतं. उशी रिकामी होती. हे मी शपथेवर सांगते.

मामीनं बटण दाबलं आणि ब्रश उशीच्या वर, हवेत धरला. जिथं खालचा उजवा कोपरा आला असता, तिथं.

घूंऽऽऽ.

आणि मग आवाज बदलला...

दाताला टेकल्यावर ब्रशचा आवाज कसा दबतो, ते तुम्हाला माहीत असेल. तसा दबला. मामीचा हात जड झाल्यासारखा दिसला. ब्रशच्या मानेवर एक लाल दिवा असतो. जोरात दाबला गेला की तो लागतो, जरा हलक्या हातानं घासा म्हणून.

तो दिवा लागला.

हवेत.

"दुखलं का हो?" मामी पुटपुटली आणि हात सैल केला. दिवा विझला.

आईनं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. उचकी आली. मामीनं ब्रश बंद केला. टॉवेलानं हवेतच काहीतरी पुसलं. अगदी हलकेच, कडेकडेनं.

"झालं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ती हसत होती. "चारही झाले हो. आता डबल बेल द्या आणि सुखानं जा."

आम्ही वाट पाहिली. 

टक.

मामी थांबली. अजून एक टक येईल म्हणून तिनं मान तिरकी केली.

आली नाही.

"थांबलेतच अजून," ती म्हणाली. "झालं ना सगळं? मग थांबलेत कशाला?"

"कुणासाठी थांबलाय मामा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 मी आईकडे पाहिलं. आई रिकाम्या पलंगाकडे बघत होती. मग ती एकदम मोठ्यानं बोलली, खोलीत अजून कुणाला ऐकवायचं असल्यासारखं. "वहिनी, पिशवी भरा. आत्ताच्या आत्ता. तुम्ही आमच्याकडे यायचं. माझ्या घरी राहायचं. कळलं?"

मामी आली.  ब्रश तेवढा बरोबर घेतला. आईनं अडवलं नाही. मागच्या वेळी तो तिच्यापासून दूर नेऊन काय झालं होतं, ते आम्ही पाहिलं होतं.

आमच्याकडे ती माझ्या खोलीत झोपते. दिवसभर हसते, बोलते, भाजी निवडते, माझ्या केसांना नावं ठेवते. सगळं ठीक. फक्त रोज सकाळी, ती तोंड धुऊन आली की, माझ्या लाकडी पलंगाच्या पायाशी...

टक.

एकच.

आईनं तिला डॉक्टरकडे नेलं. सगळं तपासलं. काही नाही. "तब्येत ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. आई तिथंच रडायला लागली. डॉक्टरांना वाटलं, आनंदानं.

आता मामी तोच ब्रश स्वतःसाठी वापरते. स्वतःचं वेगळं डोकं लावते, धुते, पुसते, वाळवते. आता चार्जही वेळच्या वेळी करते. परवा मी बेसिनपाशी तिच्या शेजारी उभी होते. तिसरी उचकी आली आणि तिनं ब्रश बंद केला.

"मामी, एक कोपरा राहिला की," मी म्हटलं.

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. लाजल्यासारखी हसली, अगदी तशीच.

"राहू दे. तेवढा हे करतील."

मी आईला सांगितलं. आईनं त्या दिवसापासून तिला एकटं सोडलेलं नाही. रात्री तिच्या शेजारी झोपते, न्हाणीघराच्या दारात उभी राहते. दाराची कडी काढून टाकली आहे. मामी म्हणते, "वन्सं, अहो काय हे, मी काय लहान आहे?"

आज सकाळी पुन्हा टक झाली. मामी खिडकीशी बसून चहा पीत होती. तिनं मान वर केली नाही, दचकली नाही. स्टॉपवर उभी बस लांबून दिसावी आणि पावलं उचलावीत, तशा सुरात म्हणाली...

"आले हो, आले."

 आईनं धावत जाऊन मामीचा हात धरला तो अजून सोडलेला नाही. दोघी तशाच बसल्या आहेत. मी दारात बसून हे लिहितेय.

दुसरी टक अजून आलेली नाही.