थांबपान

हेरंब पोतनीसच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि त्याला भूक लागली होती. या दोन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी होऊ नयेत, एवढं त्याला कळत होतं. नुसतं कळत होतं. म्हणूनच घरी न जाता तो स्कूटरवरून थेट डॉ. मृण्मयी खानझोडे यांच्या प्रयोगशाळेत आला होता.

"रक्त कोणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दयारामचं. आमच्या प्रेसमधला कटिंगवाला. त्याला दवाखान्यात नेलंय. बोटं बर्फात घालून सोबत दिलीत." हेरंबने खुर्ची ओढली. "डॉक्टर, मला पूर्वीसारखा वीट यायला हवाय. तुम्ही घालवलात, तुम्हीच परत आणा."

त्या काळात पुस्तकं लाटांनी येत. एक खपलं की सगळे प्रकाशक तसंच काढत. शेवटच्या प्रकरणात जुळा भाऊ उगवणाऱ्या रहस्यकथा झाल्या. चहाच्या टपरीवर मांजर येऊन माणसांची दुःखं बरी करतं, अशा कादंबऱ्या झाल्या. काल्पनिक राजघराण्यांचे सात-सात खंड झाले. आणि आता हत्यारकथा. त्यात खुनी स्वतःच 'मी' म्हणून बोलतो आणि पहिल्या पानापासून कोणाला तरी कापत असतो. वाचक पुस्तक घेत, दहा पानं वाचत आणि टेबलावर पालथं घालून विसरून जात. यावर दोन उपाय होते, पुस्तकं बदलणं किंवा वाचक बदलणं. दुसरा सोपा निघाला.

हेरंब नागपूरच्या एका प्रकाशनात हस्तलिखितं वाचायचा. तिथे जुनी पद्धत होती. वाचताना ज्या पानावर मन उठेल त्याचा कोपरा दुमडायचा. त्याला ते थांबपान म्हणत. हेरंबचं थांबपान नेहमी सगळ्यात आधी यायचं आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. पण हत्यारकथा त्याला दुसऱ्या प्रकरणापुढे वाचवेनात. "तुम्ही वाचलं नाही तर दुसरं कोणी वाचेल," असं मालक म्हणाले, आणि हेरंबने डॉक्टरांनी बनवलेली पहिली वीटरोधी पट्टी कपाळाला लावली.

"ही करते काय नेमकं?" तेव्हा त्याने विचारलं होतं.

"नासलेल्या दुधाचा वास आला की तोंड फिरवता ना?" डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ते काम कानशिलाच्या आत, मेंदूच्या घडीत दडलेला एक भाग करतो. वाईट पानावरून तोंड फिरवतो तोही तोच. तुम्ही नकोसं पान वाचताना तिथले संकेत कसे उठतात ते मी नोंदवणार. तो तुमचा नमुना. पट्टी नेमके तेवढेच संकेत दाबते."

"म्हणजे मला आवडायला लागेल?"

"आवडणार नाही. फक्त थांबावंसं वाटणार नाही."

पट्टीने काम चोख केलं. महिनाभरात हेरंबने कपाटभर हत्यारकथा संपवल्या. त्यातली एक प्रकाशनाने निवडली. आज तिची पहिली आवृत्ती बांधून निघत होती आणि प्रत्येक प्रतीबरोबर एक पट्टी फुकट होती.

"आज काय झालं ते सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "काही गाळू नका."

हेरंबने सांगितलं, गोष्टीतलं एखादं प्रकरण सांगावं तसं. दयारामने पुस्तकांची एक चळत चुकीची कापली. खालची ओळ छाटली गेली. हेरंबने प्रत उचलून त्याच्या तोंडासमोर धरली. दयाराम हसला. म्हणाला, "साहेब, पट्टी लावून वाचनाऱ्याले ओळ गेली काय अन् पान गेलं काय. त्याले काय फरक पडते?"

"मग?"

"मग राग आला. तो तर पूर्वीही यायचा. दयाराम आणि मी बारा महिने भांडतो. त्याचा हात मशीनच्या दाबपट्टीखाली होता, कागद सरळ करत होता. मी पायाने पेडल दाबलं. दाबपट्टी खाली आली, बोटं चेपली. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. तो ओरडला. इथे पाय काढायला हवा होता."

"काढला नाहीत."

"काढावासा वाटला नाही. सुरी सोडायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात. माणसाचा हात चुकून आत राहू नये म्हणून. मी दोन्ही हातांनी दाबली." त्याने बाहीकडे पाहिलं. "सुरी आली. तो खाली कोसळला तेव्हा मी त्याला छातीत लाथ मारली. मग पुन्हा. दुसऱ्या लाथेची गरज नव्हती. पण पहिलीनंतर थांबण्यासारखं काही वाटलं नाही."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. हेरंब तो कुतूहलाने पाहत होता. आपलाही चेहरा कधीकाळी असा व्हायचा, हे त्याला आठवत होतं.

"नळाखाली हात धुताना मला जुई आठवली," तो म्हणाला. "माझी मुलगी. सात वर्षांची आहे. प्रुफांवर चित्रं काढते, सांडते, फाडते. मला राग येतो. आज आला तर काय आडवं येईल, ते मी आत शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही. म्हणून घरी गेलो नाही."

डॉक्टरांनी पडद्यावर त्याचा नमुना उघडला आणि त्या बघतच राहिल्या. "पोतनीस, मी तुम्हाला नकोसं पान आणायला सांगितलं होतं. तुम्ही कोणतं आणलंत?"

"थांबपान. दुसरं कोणतं आणणार? जिथे खुनी एका बाईचं मनगट दगडाने ठेचतो ते."

"मला कंटाळा हवा होता. जुळा भाऊ, मांजर, तेच तेच वाचून येणारा कंटाळा. तुम्ही सवयीने सगळ्यात असह्य पान आणलंत, आणि मी न विचारता नोंदवलं. हा कंटाळ्याचा वीट नाहीच. दुसऱ्याला लागताना आपला हात मागे ओढतं ना, ते हे आहे. आपण तेच दाबलं. पट्टी असेपर्यंत ते दबलेलं राहतं. तुम्ही रोज लावलीत, त्यामुळे काढल्यावरही ते उठत नाही."

"परत येईल?"

"तुमचा नमुना मेंदूत उलटा सोडला तर येईल. पण आजचं सगळं तुमच्या स्मरणात तसंच पडलंय, कसलीही भावना न चिकटता. ते एकदम चिकटेल. सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही. असेच राहिलात तर निदान झोप लागेल."

हेरंबने विचार केला. झोपेच्या बाजूला बरंच काही होतं. दुसऱ्या बाजूला फक्त जुई होती.

"सोडा," तो म्हणाला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग बाही थंड लागली. मग तिचा वास आला. मग काडी मोडल्याचा आवाज आला, आणि या वेळी तो काडीचा नव्हता. हेरंब खुर्चीतून खाली घसरला आणि ओकला. अंगातला सदरा त्याने फाडून काढला. "दयाराम," तो म्हणत राहिला, "अरे, तू हसला होतास फक्त."

डॉक्टरांनी त्याचं डोकं धरलं. मग त्याने मान वर केली. "त्या फुकटच्या पट्ट्या. त्यांत कोणाचा नमुना आहे?"

"प्रत्येक वाचकाचा वेगळा नमुना घेणं शक्य नव्हतं. एकच घातला. तुमचा."

हेरंबचा फोन वाजला. जुई होती. मागे घरात शांतता होती.

"बाबा, तुम्ही सकाळी पुस्तक पाठवलंत ना, आई कधीची तेच वाचतेय. कपाळाला ती पट्टी पण लावलीय. तिला असली पुस्तकं आवडत नाहीत ना?"

"जुई, आई कुठे आहे?"

"इथेच आहे. बाबा, माझ्याकडून तिच्या पानावर दूध सांडलं." जुईने आवाज बारीक केला. "पण ती रागावलीच नाही. पुस्तक ठेवलं आणि आमच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं."