धडपड्या पडत का नाही?

"जिंकलो," ढब्बू म्हणाला आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली की पडजीभ दिसली.

"हं," चष्मिस म्हणाली.

पिटुकली खुर्चीवर उलटी बसून पायाच्या अंगठ्याने टेबलाखालची वायर हलवत होती.

आता बघा! सुट्टीचे दिवस, कॉम्प्युटरकाकांचं दुकान, डोक्यावर पंखा, समोर आवडता खेळ आणि सलग अकरावा विजय! एखाद्याने टेबलावर चढून नाचायला हवं होतं. पण ही तिघं बसली होती दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. पडद्यावर तुतारी वाजत होती. ती बंद करायलाही कुणी हात पुढे केला नाही.

खेळ साधा होता. चौघांनी मिळून एक पेटता कंदील दलदलीतून पलीकडच्या टेकडीवर न्यायचा. समोरच्या चौघांच्या आधी पोचायचं. कुणी चिखलात पडला, की दुसऱ्याने मागे जाऊन त्याला ओढून काढायचं, कारण चौघंही पोचल्याशिवाय विजय नाही!

तिघं इथे बसायची. ढब्बू, त्याची धाकटी बहीण पिटुकली आणि त्यांच्या शेजारची चष्मिस. चौथा धडपड्या. तो आधी चौथ्या खुर्चीत बसायचा, पण परीक्षा संपली आणि त्याच्या आईची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा तो म्हणाला होता, "रोज चार वाजता. मी तिकडून येईन." आणि पहिले तीन दिवस सोडले, तर चौथी खुर्ची रिकामी असली, तरी पडद्यावर त्याची लाल टोपी रोज चार वाजता हजर असायची.

"दादा," पिटुकली एकदम म्हणाली, "धडपड्या पडत का नाही?"

"म्हणजे?"

"अकरा दिवसांत एकदाही पडला नाही."

"सुधारला असेल," ढब्बू म्हणाला.

"धडपड्या?" चष्मिसने चष्मा वर सरकवला. "अरे, तो सपाट फरशीवर पडतो! बक्षीस समारंभात पडला होता, तोही टाळ्या वाजवताना!"

हे मात्र खरं होतं. धडपड्या दलदलीत पहिल्या मिनिटातच पडायचा. मग पडद्यावर अक्षरं उमटायची, "पडलो रे!" मग ढब्बू शिव्या घालत मागे जायचा, धडपड्याला ओढायचा आणि धडपड्या वर येता येता त्यालाच खाली पाडायचा. मग चष्मिस दोघांना काढायची. तोवर समोरचे टेकडीवर पोचलेले असायचे. रोज हरायचे आणि भांडत भांडत घरी जायचे. कधी एकदा उद्याचे चार वाजतात असं व्हायचं.

आणि आता? आता चार वाजले काय आणि सहा वाजले काय, सारखंच.

तुम्ही म्हणाल, एवढं होऊन यांच्या लक्षात आधीच कसं आलं नाही? मीही तेच म्हणतो! पण जिंकत होते ना. जिंकताना कोण कशाला मागे वळून बघतंय?

"विचारून बघू," चष्मिस म्हणाली आणि तिने लिहिलं, "धडपड्या, नवीन घर कसं आहे?"

लाल टोपीकडून उत्तर आलं, "छान खेळलात!"

"तुझ्या खोलीला खिडकी आहे का?"

"छान खेळलात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता. ढब्बूला भीती वाटायला हवी होती, पण त्याला काहीच वाटेना. "माझ्यावर रागावला असेल," तो सपाट आवाजात म्हणाला. "मी त्याला फार बोलायचो."

चष्मिसची मावशी इंटरनेटच्या लाइन दुरुस्त करायची. दिवसभर शिडी खांद्यावर, कमरेला पक्कड. संध्याकाळी ती पायऱ्यांवर बूट काढत बसली होती, तेव्हा चष्मिसने विचारलं, "मावशी, पलीकडे माणूस खरंच आहे की नाही हे तुला कसं कळतं?"

"वायर काढायची," मावशी म्हणाली. "माणूस दुसऱ्या गावात असेल तर जागेवर गप्प होतो. बडबड करतच राहिला तर समजायचं, स्वारी इथेच कुठेतरी आहे."

"एवढं सोपं?"

"एवढंच. लोकांना वाटतं मी जादू करते."

दुसऱ्या दिवशी काका गल्ल्यामागे चहा पीत होते. बाहेरून येणारी निळी वायर दाराजवळच्या छोट्या डब्यात शिरत होती. खेळ ऐन रंगात आला आणि पिटुकली बुटाची नाडी बांधायला म्हणून तिथे वाकली. (तिच्या चपलांना नाड्याच नव्हत्या, पण काकांचं लक्ष असेल तर शपथ!)

"काढली!" ती कुजबुजली.

बाहेरचं जग तुटलं होतं. समोरचे चौघं काकांच्याच कॉम्प्युटरमधले बनावट खेळाडू असायचे, ते चालू राहिले, ते ठीकच होतं. पण लाल टोपी? लाल टोपी थबकलीही नाही. डावीकडचा खड्डा चुकवला, उजवीकडचा चुकवला, कंदील उचलला, टेकडी चढली.

"छान खेळलात!"

ढब्बूने हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. "तो तिकडे नाहीच आहे," तो म्हणाला.

"काका!" चष्मिस थेट गल्ल्यापाशी गेली. "आमच्याबरोबर कोण खेळतंय?"

"कोण म्हणजे? तुमचा तो... पडका मित्र!"

"वायर काढलीय आम्ही, तरी तो खेळतोय!"

काका आधी वायरवरून ओरडले, मग खोकले, मग डोकं खाजवू लागले. काका मनाने वाईट नव्हते हो, पण विसराळूपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "अरे हां! सुरुवातीला तो आला नव्हता ना तीन दिवस? तुमची तोंडं बघवेनात. रिकामी खुर्ची बघितली की मला चैन पडत नाही! म्हणून ते बटण दाबलं, 'रिकामी जागा भरा'. नाव तेच ठेवलं, टोपी तीच. मग... मग राहूनच गेलं."

"म्हणजे कॉम्प्युटर खेळत होता?"

"तुम्ही जिंकत होता! कुठे तक्रार केलीत?"

ढब्बूने जाऊन वायर परत डब्यात खोचली.

"पण मग खरा धडपड्या आलाच नाही?" पिटुकलीने विचारलं. "त्याने सांगितलं होतं, येईन."

काकांच्या पडद्याच्या कोपऱ्यात आलेल्या निरोपांची एक छोटी घंटी होती. तिच्यावर आकडा होता, आणि काकांनी ती कधीही उघडली नव्हती. "मला वाटलं जाहिराती आहेत," ते म्हणाले.

चष्मिसने उघडली. एकाखाली एक, दर दिवसाला एक ओळ. सगळ्या चार वाजताच्या.

"आमच्याकडे लाइन आली! मी दारात आहे!"

"जागा भरली आहे असं म्हणतंय. सरका की!"

"माझी टोपी कोण घालून बसलंय?"

"आजपण नाही का?"

"बरं."

त्यानंतर काहीच नव्हतं.

पिटुकलीने ती शेवटची ओळ दोनदा वाचली. कुणी रडलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मावशीच्या फोनवरून त्यांनी धडपड्याच्या आईला फोन लावला. काकू ओळखीच्या आवाजाने खूश झाल्या, पण लगेच त्यांचा सूर उतरला. "काय सांगू गं बाळा! जेवतो, झोपतो, भिंतीकडे बघत बसतो. काय झालं विचारलं तर म्हणतो, काही नाही. थांब, देते त्याला."

पलीकडे दार वाजलं. बोलणं ऐकू आलं. मग काकूच परत आल्या.

"येत नाही म्हणतोय. म्हणतो, त्यांना चौथा मिळालाय. चांगला खेळतो. त्यांना म्हणावं, खेळा."

"काकू, तो चौथा माणूसच नव्हता! कॉम्प्युटर होता! काकांनी बटण दाबलं आणि विसरले!" चष्मिसने सगळं एका दमात सांगितलं.

"सांगते गं. पण तो म्हणेल, आता समजूत घालतायत."

ढब्बूने फोन ओढून घेतला. "काकू, त्याला एवढंच सांगा. शनिवारी चार वाजता जागा रिकामी असेल. आम्ही सुरू करणार नाही."

आता इथे खरी मेख होती. शनिवारी चौकापलीकडच्या दुकानातला संघ सामन्याला येणार होता. काकांनी बाहेर फळा लावला होता, 'आमचा संघ अजिंक्य!' आणि निम्म्या गल्लीला आमंत्रण दिलं होतं.

"बटण बंद? शनिवारी? मुळीच नाही!" काका म्हणाले. "जागा रिकामी ठेवली आणि दहा मिनिटांत तो आला नाही, तर न खेळताच हरलात! फळा लावलाय मी, फळा! सामना होऊ दे, मग बघू."

"काका, तो तिकडे भिंतीकडे बघत बसलाय."

"एक दिवसाने काय बिघडतंय?"

चष्मिस पुढे काही बोलली नाही. ती बोलायची थांबली, की ढब्बूला कळायचं, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

शनिवारी चारला पाच मिनिटं असताना दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडचे चार खेळाडू बाह्या सरसावून बसले होते. मावशीसुद्धा शिडी बाहेर टेकवून आली होती. काकांनी सामना मांडला, 'रिकामी जागा भरा' चालू आहे हे दोनदा तपासलं आणि 'सुरू'वर बोट नेलं.

"काका! काका, फळा पडला!" पिटुकली दारातून किंचाळली.

"अरे देवा, माझा फळा!" काका धावले.

फळा जागच्या जागी होता. काका परत येईपर्यंत चष्मिसने बटण बंद करून 'सुरू' दाबलं होतं. पडद्यावर तीन टोप्या उभ्या होत्या. चौथ्या जागी नुसता ठिपका लुकलुकत होता. खाली लिहिलं होतं, "चौथ्याची वाट बघत आहोत. दहा मिनिटं. आता बदल करता येणार नाही."

"कुणी केलं हे?" काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मी," चष्मिस म्हणाली.

"मी," ढब्बू म्हणाला.

"आणि फळा मी पाडला!" पिटुकली म्हणाली. "म्हणजे पाडला नाही, पण तरी!"

चार वाजले. ठिपका लुकलुकत राहिला.

"सुरू करा की राव!" मागून कुणीतरी ओरडलं. "चौथा कुठाय?" "अजिंक्य म्हणे!" लोक हसू लागले. काका खुर्चीत बसले, उठले, परत बसले. पाच मिनिटं गेली. सात गेली. ढब्बूने ठिपक्यावरून नजर हलवली नाही. तो येणार नाही असं त्याला जवळजवळ कळून चुकलं होतं, आणि तरी हलायचं नव्हतं.

नववं मिनिट संपत आलं आणि लाल टोपी उमटली.

तिच्याखाली अक्षरं आली, एकेक करत.

"कोण आहे?"

ढब्बूने लिहिलं, "आम्हीच. तुझ्या जागी कॉम्प्युटर होता. आम्हाला कळलं नाही. कळायला हवं होतं."

मग कंदील पेटला, सामना सुरू झाला, लाल टोपीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि डावीकडच्या खड्ड्यात धप्पकन गेली.

"पडलो रे!"

"मूर्खा!" ढब्बू एवढ्या मोठ्याने ओरडला की मावशीने कानावर हात ठेवले. "पहिल्याच खड्ड्यात? डोळे ट्रकमध्ये विसरलास का?" आणि तो सुसाट मागे पळाला. धडपड्या वर आला, ढब्बू खाली गेला. चष्मिस दोघांना काढायला गेली, तर पिटुकलीने मागून धडक दिली आणि चौघंही चिखलात! कंदील विझला! तिकडे पलीकडचा संघ टेकडीवर पोचला, तरी ह्यांची ओढाओढ चालूच. चष्मिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती हसतेय की रडतेय, हे तिलाही सांगता आलं नसतं.

हरले. असे हरले की त्या दुकानात तसं कुणी हरलं नव्हतं.

काकांनी बाहेर जाऊन मुकाट्याने फळा पुसला. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "त्या पोराला माझं नाव घेऊन सॉरी लिहा," ते म्हणाले. "आणि पोरांनो, मला फसवलंत ते बरं केलंत. नाहीतर मी आणखी महिनाभर विसरलो असतो."

पलीकडच्या संघाची ताई उठून आली. "आमची पण रोज अशीच भांडणं होतात," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी परत?"

मावशीने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास! मी वीस वर्षं लाइनी जोडते आहे. आजची तुम्ही जोडलीत," ती म्हणाली, आणि शिडी उचलून कामाला गेली.

गर्दी पांगली. पडद्यावर लाल टोपी अजून चिखलाच्या काठावर उभी होती.

"नऊ मिनिटं कुठे होतास?" चष्मिसने लिहिलं.

"दारातच. चार वाजल्यापासून. जागा रिकामी दिसत होती, पण म्हटलं, खरंच थांबताय का बघू."

ढब्बूने चष्मिसकडे पाहिलं. मग वाकून लिहिलं, "उद्या चार वाजता."

"मी पडणार."

"माहितीये," ढब्बूने लिहिलं. "ये."