घोड्याचे मागचे पाय

"अहो बाई, उन्हाकडे तोंड करून फोटो काढताय? राजाचा कोळसा होईल की!"

मी चपापले. बाजाराच्या चौकात समोर कापडी घोडा, त्याच्यावर मुखवटा घातलेला राजा. बोलला तो राजाच – दुसरं कोण बोलणार? मला माझंच काम शिकवतोय, आगाऊ! पण आवाज असा... की मुकाट्यानं जागा बदलली.

हा खेळ करणाऱ्या घराण्याचं चार पिढ्यांचं एकच सोंग, राजा नि घोडा. मी दर रविवारी जायला लागले. प्रदर्शनासाठी फोटो हवेत, असं आईला सांगायचे. आई नुसती "हं" म्हणायची.

"मुखवट्याआड हसताय ना?" मी विचारायचे.

"राजे हसत नसतात. पण तुम्ही आलात की... घोड्याचा तोल जातो."

राजा मान डोलवायचा आणि मी गार!

चाळीस फोटो झाल्यावर खेळ संपताच त्यांच्या खोलीवर गेले. अजून कुणी सोंग उतरवलं नव्हतं.

"राजाच्या फोटोखाली नाव काय लिहू?"

राजानं मुखवटा काढला. आत साठीची बाई!

"लिही माझं," ती म्हणाली. "पण पोरी, राजा मुका असतो हं. तू लाडात बोलायचीस ते माझ्या भाच्याशी."

ती खाली उतरली. घोड्याच्या मागल्या कापडातून एक घामाघूम तरुण बाहेर आला.

"म्हणजे मी इतके दिवस... घोड्याच्या ढुंगणाशी बोलत होते?"

"खांद्याशी," तो म्हणाला. "आत्या माझ्या खांद्यावर बसते. पुढचे पाय बाबांचे. ते नुसते मिरवतात."

"ऐकतोय मी!" पुढल्या कापडातून बाबा ओरडले.

मी खो खो हसले. तो मात्र नाही.

"तुम्हाला राजा आवडला होता. मी तो नाही. आता नाही आलात तरी समजेन... पण एक सांगतो. आजोबाही मागचेच पाय होते. चार पिढ्यांत आमचा राजा एकदाही पडलेला नाही."

हे सांगताना त्याची मान ताठ झाली. आणि खरं सांगू? राजा गेला तेल लावत, असं झालं मला.

"तुमच्या चेहऱ्याचा एक फोटो काढू?"

"चेहऱ्याचा कशाला? मी कोण ते बघायचं तर खाली बघा."

तो परत कापडात शिरला. मी चक्क जमिनीवर पालथी पडले नि कॅमेरा डोळ्याला लावला.

प्रदर्शनात मधोमध लावला तोच फोटो, दाराएवढा. धुळीनं माखलेले, घट्ट रोवलेले दोन पाय. खाली त्याचं पूर्ण नाव.

"यात राजा कुठाय?" एका बाईंनी विचारलं.

"राजा वर आहे," इस्त्रीचा शर्ट घातलेला तो छाती काढून म्हणाला. "हा मी!"

"आणि मी कोपऱ्यात!" आत्या फणकारली.

मग तो हळूच माझ्याजवळ सरकला.

"लोक विचारतायत... फोटो काढणारी तुझी कोण?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिला विचारून सांगतो."

मी भर गर्दीत त्याचा हात धरला. "होणारी बायको, असं सांग. आणि मोठ्यानं सांग. आता कापडाआडून बोलायचं नाही."

त्यानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की बाबांच्या हातातला चहा माझ्या आईच्या साडीवर सांडला... आणि आई म्हणाली, "असू दे हो, व्याही."