गुरुजी कोणाच्या वाटणीत

अरे संजू, तो मोबाईल खिशात घाल. भुताची गोष्ट ऐकायची आणि उजेड मुठीत धरून बसायचं, असं कुठं असतं? आणि खुशबू, तुला हसायचं ते आत्ताच हसून घे. मग हसणारं दुसरंच कोणी असेल.

ही चिंचेवरच्या हडळीची गोष्ट नाही. हडळी बिचाऱ्या आता शहरात गेल्या, गावात त्यांना भाव नाही. ही मागच्याच सालची गोष्ट. भाऊबीज होऊन गेली होती, त्यानंतरचा सोमवार. चोरखमारा गावाला मंडई भरली होती, म्हणजे आपली दिवाळीनंतरची जत्रा, आणि रात्री दंडार, ढोलकीवरचं नाचगाण्याचं नाटक होतं. सगळं गाव, म्हातारी-कोतारी सुद्धा, टेम्पोत कोंबून तिकडे गेलं. आणि भूपेंद्र कटरे एकटाच मोटारसायकलवर उलट दिशेला, धान खरेदीच्या संस्थेकडे निघाला.

काम साधं होतं. जुनं मशीन बंद करायचं, नवीन चालू करायचं, आणि दंडार संपायच्या आत मंडईत पोहोचायचं. सकाळी उद्घाटन होतं.

भूपेंद्र म्हणजे नागपूरच्या कंपनीत राहून आलेला पोरगा. गोंदियात हिंदी बोलणार, गावात मराठी, आणि मीटिंगमध्ये असलं काही बोलणार की ते त्याच्या मोटारसायकललाही कळू नये. पण पोरगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल.

संस्थेत एक जुना प्रोग्राम चालायचा. केशोराव गुरुजींनी लिहिलेला. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे, रिटायर झाल्यावर हे वेड लागलं. भूपेंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डवर बोट ठेवलं ते गुरुजींच्या पडवीत. हाताला भज्यांचं तेल होतं, म्हणून गुरुजींनी आधी त्याला नळावर पाठवलं. दोनदा.

तो प्रोग्राम म्हणजे एकत्र कुटुंब समजा. गेटवरचं टोकन, अंगणातला काटा, गोदाम, पावती, शेतकऱ्याच्या फोनवरचा मेसेज, पाचही भाऊ एका घरात, एका चुलीवर. चाललं तोवर छान. पण एकाला पडसं झालं की सगळं घर शिंकायचं. धानाच्या गर्दीत मेसेज अडकला की काटा बंद, काटा बंद की गेट बंद, आणि गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग, रांगेत शिव्या. तुमच्या आजोबांच्या तर फार दूरवर ऐकू यायच्या.

म्हणून वाटण्या करायचं ठरलं. पाच भाऊ पाच वेगळ्या घरांत, आणि घरं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे वर बघू नको रे संजू, आभाळात काही नसतं. दुसऱ्याच्या गावात दुसऱ्याचं मशीन, त्याला क्लाउड म्हणतात. भाऊ वेगळे झाले की एकाला ताप आला तरी बाकीचे जेवतात. मीठ लागलं तर एकमेकांना फोन करतात. इतकंच.

मीटिंगमध्ये अध्यक्ष केवलराम बोलले, "भूपेंद्र, जुनंच उचलून न्यायचं का नवीन करायचं?"

भूपेंद्र उठला. सगळ्यांसमोर बोलला, "काका, ते कबाड आहे. कबाड कोणी नवीन घरात नेते का? मी एक ओळ जुनी ठेवत नाई. सगळं नवीन लिहून देतो."

लोकांनी टाळ्या पिटल्या. गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. टाळ्या संपल्यावर म्हणाले, "बाबू, बाकी काहीही कर. पहिलं माप तेवढं लाभ राहू दे."

आता हे तुम्हा मोबाईलवाल्यांना सांगावं लागेल. आपल्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. धान घरात आलं, त्याला नुसता आकडा कसा लावायचा? गुरुजींनी प्रोग्राममध्ये सुद्धा तेच ठेवलं होतं. काट्यावर पोतं चढलं की अंगणातल्या भोंग्यातून गुरुजींचाच आवाज यायचा, आधी बारीक खोकला आणि मग, "लाभ..."

भूपेंद्र हसला. "मशीनले लाभ समजत नाई, गुरुजी. आकडा समजते."

गुरुजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. झोपेतच. भूपेंद्र नागपूरला होता, मयतीला आला नाही. कामं होती म्हणे.

मग तो गुरुजींचं लिहिलेलं उघडून बसला. नवीन लिहायला गेला, तर टोकन जमलं आणि गोदाम बिघडलं. गोदाम जमवलं, पावती बिघडली. महिनाभर असं चाललं. शेवटी कळलं की कबाड-बिबाड काही नाही, म्हाताऱ्यानं एकेक गोष्ट अशी बसवली आहे की हात लावायला जागा नाही. मग त्यानं काय केलं? सगळं जसंच्या तसं उचललं, पाच डब्यांत भरलं, आणि डब्यांची तोंडं एकमेकांना जोडली. हात लावला तो दोनच ठिकाणी. प्रत्येक भागाच्या डोक्यावर गुरुजींनी लिहिलं होतं, 'केशोराव रहांगडाले. चूक दिसली तर सांगावे.' ते पुसून भूपेंद्रनं आपलं नाव टाकलं. आणि लाभ काढला. गुरुजींचा आवाज काढून एक नाकातून बोलणारी मशीनची बाई बसवली. ती एकपासून मोजायची.

बाहेर सांगितलं, सगळं नवीन.

तर त्या रात्री तो संस्थेत पोहोचला. कुलूप काढलं. दिवा लावला. अंगणात तो लोखंडी काटा, जमिनीच्या बरोबरीचा चौकोनी पत्रा, त्यावर चांदणं. लांबून मंडईतल्या ढोलकीचा आवाज येत होता. त्यानं जुनं मशीन बंद केलं. भिंतीतून वायर उपटली. लॅपटॉपवर नवीन चालू केलं. पाच भावांची पाच नावं एकाखाली एक आली, पाचही हिरवी. भूपेंद्रनं स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. हो, मारली. त्यानंच सांगितलं.

लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात काट्याचा आकडा हलला.

शून्य होता. दहा झाला. तीस. एक्कावन्न किलोवर थांबला.

कुत्रं असेल, म्हणून तो टॉर्च घेऊन बाहेर आला. पत्रा रिकामा. आजूबाजूला कोणी नाही. आत येऊन त्यानं आकडा शून्य केला.

पुन्हा एक्कावन्न.

पुन्हा शून्य केला.

पुन्हा.

एक्कावन्न किलो... पोत्याचं वजन नव्हे ते. पोतं चाळीस किलोचं भरतं, ते आपल्याकडे पोराटोराला ठाऊक. ते माणसाचं वजन. वाळलेल्या माणसाचं.

लांबची ढोलकी थांबली. दंडारीत मधेच थांबते तशी. पण ती पुन्हा सुरू झाली नाही.

मग भोंग्यातून खोकला आला.

बारीक. घसा साफ करावा तसा.

"लाभ..."

भूपेंद्रच्या हातात जुन्या मशीनची वायर होती. तो आवाज नवीन घरात कुठंच नव्हता. त्यानं स्वतः पुसला होता. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. टोकन, काटा, गोदाम, पावती, मेसेज. पाच नावं. आणि त्यांच्या खाली सहावी ओळ. हिरवी. पाचही भाऊ तिलाच विचारत होते, तीच सगळ्यांना उत्तर देत होती. त्या ओळीला नाव नव्हतं. नावाच्या जागी...

'चूक दिसली तर सांगावे.'

वाटण्या होतात ना पोरांनो, तेव्हा बैल वाटतात, भांडी वाटतात, आंब्याचं झाड सुद्धा वाटतात. म्हातारा कोणाच्या वाटणीत, हे कोणी विचारत नाही.

भूपेंद्र खिडकीपाशी गेला. पत्र्यावर काही नव्हतं. पण पाहणारं कोणीतरी होतं. नजर कळते रे... शाळेत फळ्याकडे तोंड करून उभं केलं की मागून कळते तशी.

"गुरुजी," तो बोलला.

आकडा हलला नाही.

"गुरुजी... ते कबाड नव्हतं."

एक्कावन्न.

"मले लिहिता नाई आलं. तुमचंच आहे सगळं. मी नाव पुसलं. उद्या सांगतो. सुमित्राकाकूसमोर, साऱ्यायसमोर सांगतो. आईची शपथ."

मग आकडा उतरला. हळू. कोणी एक पाय खाली ठेवावा, मग दुसरा.

शून्य.

सहावी ओळ गेली.

सकाळी मंडप होता, हार होते, चिवड्याच्या पुड्या होत्या. सुमित्राबाई, गुरुजींच्या घरच्या, कडक इस्तरीचं लुगडं नेसून पुतण्याच्या गाडीवर मागे बसून आल्या. केवलरामनं भूपेंद्रच्या खांद्यावर शाल टाकली. "आपल्या गावचा पोरगा! एक ओळ जुनी ठेवली नाई यानं!"

भूपेंद्रनं माईक धरला. तोंड उघडलं. मंडपात त्याचे वडील बसले होते, सासरे बसले होते, नागपूरचा साहेब मोबाईलवर फोटो काढत होता. तो म्हणाला, "धन्यवाद." आणि बसला.

सुमित्राबाई जवळ आल्या. हळूच विचारलं, कोणाला ऐकू जाऊ नये असं. "बाबू, यांचं काई राहिलं का गा त्यात? थोडंसं?"

बघा. मंडपात गोंगाट होता. एकटी बाई विचारत होती. तेवढ्यात सुद्धा सांगता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नाई काकू," भूपेंद्र म्हणाला. "सगळं नवीन आहे."

"हाव का," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाबू. जुनं किती दिवस पुरणार?" आणि त्याच्या शालीची घडी नीट करून दिली.

पहिलं पोतं फागूचं चढलं. फागू म्हणजे जंगलाकडचा गोंड, दहा पोती घेऊन पहाटेपासून उभा. भोंग्यातून मशीनची बाई नाकातून बोलली, "एक."

फागू थबकला. "काऊन गा? लाभ काऊन नाई बोलली?"

"नवीन आहे रे फागू," केवलराम हसले. सगळे हसले. भूपेंद्रही हसला. त्या हसण्याची आठवण निघाली की आजही तो मान खाली घालतो, मी पाहिलंय. फागूनं मग आपणच पोत्यावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात लाभ म्हटलं.

त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. काटा अडकला नाही, मेसेज अडकला नाही, रांगेत एक शिवी नाही. भूपेंद्र दिवसभर खिडकीतून पत्र्याकडे पाहत राहिला. आकडा एकदाही आपणहून हलला नाही. रात्री सुद्धा तो तिथंच थांबला. रिकामा काटा शून्य, शून्य, शून्य. डोळा लागेपर्यंत शून्य.

पहाटे थंडीनं जाग आली. तो बाहेर आला.

दव पडलं होतं. गवतावर, मोटारसायकलच्या सीटवर, मंडपाच्या दोऱ्यांवर. काट्याचा सगळा पत्रा दवानं पांढरा झालेला.

मधोमध दोन जागा तेवढ्या कोरड्या. दोन पावलं. अनवाणी, म्हाताऱ्या माणसाची, बोटं फाकलेली. दव पडायच्या आधीपासून, रातभर, कोणी तिथं उभं असावं अशी.

भूपेंद्र पायरीवर उभा होता.

पावलांच्या टाचा त्याच्याकडे होत्या, रातभर पाठ फिरवून उभं राहावं तशा.